चौदा नंबरची उत्तरं

स्तानिया ट्रायलोविच बाईंचा विश्वास कशाकशावर होता, हे मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. एक गावाजवळून वाहणाऱ्या टिमोक नदीवर, कारण ती दर वसंतात पूर आणायची आणि त्यात कधी कसूर करायची नाही. दुसरा शाळेच्या जाड रजिस्टरवर, कारण ते शाईनं भरलेलं होतं. आणि तिसरा स्वतःच्या डोळ्यांवर, तोही चष्मा लावल्यावर. बाकी दूधवाला असो, मंत्री असो की सख्खी नणंद असो, बाईंच्या मनात आधी पाल चुकचुकायची आणि मग तोंडातून नमस्कार यायचा.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! बाई भूगोलाच्या. नोकरीला लागल्या तेव्हा वर्गाच्या भिंतीवर जो देश टांगलेला होता, तो त्यांच्या डोळ्यांदेखत तीन-चारदा बदलला. यंदा सरहद्दी पाठ करून घ्यायच्या आणि पुढच्या वर्षी त्याच सरहद्दींवर लाल शाईची फुली मारायची. असं करता करता माणूस संशयी नाही होणार तर काय होणार?

शिवाय वडिलांचा किस्सा होताच. वडील रेल्वेत सांधेवाले. त्या काळी प्रत्येक दुकानाच्या दाराशी दोरीनं बांधलेली तक्रारवही असायची. वडिलांनी एकदा त्यात लिहिलं, 'साखर ओली आहे, वजनात पाणी विकता', आणि खाली ठसठशीत सही ठोकली. साखर ओली ती ओलीच राहिली, वडिलांची बढती मात्र दोन वर्षं वाळत पडली. सात वर्षांच्या स्तानियाला तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, "लिही पोरी, हवं तेवढं लिही. पण खाली नाव घालू नकोस." ते वाक्य बाईंनी पन्नास वर्षं सांभाळलं.

तर अशा बाईंना, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, पेन्शनला दोन वर्षं उरलेली असताना, व्लास्तिमिर मुख्याध्यापकांनी सांगितलं की वर्गाचा ब्लॉग सुरू करा.

"म्हणजे काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"पोरांनी लिहायचं, तुम्ही लिहायचं, जगानं वाचायचं."

"जगाला दुसरे उद्योग नाहीत वाटतं?"

मुख्याध्यापक हसले. ते हसले की बाईंना दातदुखी सुरू व्हायची. कारण सप्टेंबरपासून स्टाफरूममध्ये सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. गावातली निम्मी घरं ऑस्ट्रियात मजुरीला गेलेली, पोरंच उरली नव्हती. पुढच्या वर्षी निम्म्या तुकड्या बंद होणार, भूगोलाचे तास वीसवरून दहावर येणार. दहा तास म्हणजे अर्धी नोकरी. आणि शाळेत आणखी एक अर्धी नोकरी होती, ग्रंथालयाची. ती करत होती यागोदा. वय चाळीस, नवरा सोडलेली, हसरी, आणि पदवी कशाची? भूगोलाची! दोन अर्ध्या नोकऱ्या एकत्र केल्या की एक अख्खी होते, हे हिशेबाला कच्च्या माणसालाही कळतं. ती यागोदाला दिली की स्तानियाबाई जास्तीच्या ठरणार, दोन वर्षं आधीच घरी.

आणि ब्लॉग शिकवायचं काम मुख्याध्यापकांनी दिलं कुणाला? यागोदाला. घ्या!

"मला उघड्यावर आणून माझं हसं करायचं आहे हिला," बाई कॉफी करणाऱ्या झागोर्का मावशींना म्हणाल्या. "चूक सापडली की गावभर. मग म्हणायला मोकळे, म्हातारीला झेपत नाही."

"मला तर ती पोरगी बरी वाटते," मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला सगळेच बरे वाटतात. म्हणून तर तुमचे कप चोरीला जातात."

गुरुवारी सहाव्या तासानंतर ग्रंथालयात शिकवणी भरायची. आठ शिक्षक आणि प्रत्येकाबरोबर त्याच्याच वर्गातला एक विद्यार्थी. यागोदाची पद्धत मोठी मजेशीर होती. माउसला हात शिक्षकानंच लावायचा, मुलांनी नुसतं तोंडानं सांगायचं. ज्या मुलाचा हात शिवशिवला आणि त्यानं माउस हिसकावून घेतला, त्यानं पुढच्या वेळी सगळ्यांना बिस्किटं आणायची. पहिल्या महिन्यात बिस्किटांची चंगळ झाली. पण हळूहळू गंमत अशी झाली की वर्गात तोंड न उघडणारी पोरं शिक्षकांना दमात घेऊ लागली. "सर, तिथे नाही, वर! अहो वर!" आणि गणिताचे ग्वोझ्देन सर, ज्यांच्यापुढे अख्खी शाळा थरथरायची, निमूटपणे माउस वर न्यायचे.

पहिल्या गुरुवारी यागोदानं सगळ्यांना एकच विषय दिला. रविवारी तुमच्या घरी ताटात काय होतं? चार ओळी लिहा, चुका होऊ द्या, कुणी मरत नाही.

'माझ्या घरात काय शिजतं याच्याशी हिला काय करायचंय?' बाईंच्या डोक्यात लगेच आलं. बराच विचार करून त्यांनी एक शब्द लिहिला. सूप. त्याखाली ग्वोझ्देन सरांनी प्रतिक्रिया टाकली, 'शेवया घातलेलं की बिनशेवयांचं?' एक विधुर माणूस एका विधवेच्या सुपाची एवढी चौकशी का करतो, यावर बाईंनी दोन दिवस डोकं खाजवलं.

बाईंबरोबर बसायची तियाना, त्यांच्या वर्गाची मॉनिटर. धीट पोरगी. ती म्हणाली, "बाई, आता आपल्या वर्गाचा ब्लॉग सुरू करू या. सगळ्यांची नावं घालायची ना?"

"नावं?" बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "एकाही पोराचं नाव जाणार नाही तिथे. रजिस्टरमधला नंबर घालायचा. तू तेवीस. बस."

पोरांना त्यात काही नवल वाटलं नाही. बाई तीस वर्षं पोरांना नंबरानंच हाक मारायच्या. 'सात, फळ्याकडे ये. एकोणीस, नाईल कुठे उगम पावते?' लोकांना ते खाष्टपणाचं वाटायचं, पण बाईंचा त्यामागे विचार होता. नाव घेतलं की आडनाव येतं, आडनाव आलं की बाप दिसतो, आणि बाप दिसला की गुण देताना हात वाकडा पडतो. नंबराला बाप नसतो. आणि त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं, आता पोटं सुटलेली, बाजारात भेटली की म्हणायची, "बाई, ओळखलंत का? मी अकरा." बाई बरोब्बर ओळखायच्या.

ब्लॉग सुरू झाला आणि बघता बघता रंगलाही. सातनं आजोबांच्या मधमाश्यांबद्दल लिहिलं. एकोणीसनं खाणीच्या जुन्या रुळांवर. तोतरा होता बिचारा, फळ्यापुढे त्याचं एक वाक्य पुरं व्हायला तास लागायचा, इथे मात्र दोन पानं सलग. बाईंनी ते वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. कुणाला सांगितलं नाही ही गोष्ट वेगळी. पण सकाळी कॉफी चुलीवर ठेवायच्या आधी संगणक सुरू होऊ लागला, आणि हे लेकानं ओळखलं. तो फोनवर म्हणाला, "आई, तुला नाद लागला." बाई म्हणाल्या, "नाद नाही, लक्ष ठेवतेय."

नोव्हेंबरात बाईंनी स्वतः पहिला मोठा लेख टाकला, डॅन्यूबकाठच्या शहरांवर. विएन्नाचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'शहराच्या मधोमध वाहणारी डॅन्यूब.' दुसऱ्या दिवशी खाली तीन ओळी आल्या होत्या.

'बाई, फोटोत आहे तो कालवा आहे. मोठी नदी शहराच्या कडेनं जाते. तुम्ही कालव्यालाच डॅन्यूब म्हटलंय. नं. १४.'

बाईंनी आधी घरचा नकाशासंग्रह काढला. कालवाच होता, मेला. मग त्यांना दुसरी गोष्ट जाणवली. वर्गात चौदा नंबर नव्हता.

म्हणजे होता, पण यंदा सप्टेंबरात तीन आठवडेच. नेवेना लुपुलोविच नावाची मुलगी. आईबापांनी ऑस्ट्रियात नेली. बाईंनी पट्टी लावून लाल शाईनं तिची ओळ खोडली होती, शेरा लिहिला होता, 'परदेशी गेली'. इथल्या शाळांत पोर गेलं तरी वर्ष संपेपर्यंत त्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत. पंधरावा पंधरावाच राहतो आणि मधली ओळ रिकामी. पण ती रिकामी आहे हे ठाऊक कुणाला? रजिस्टर स्टाफरूमच्या कपाटात, किल्ली शिक्षकांकडे. बरं, ती मुलगी स्वतः असेल? छे! तीन आठवड्यांत तिनं तोंडातून तीन शब्द काढले नव्हते. फळ्यापुढे उभी केली तर बुटांकडे बघत राहायची. त्याआधी दोन वर्षं काठावर पास. ती बाईंच्या चुका काढणार? काहीतरीच.

रजिस्टर बघू शकणारी, भूगोल जाणणारी, ब्लॉगवर सराईत असणारी आणि बाईंची चूक चव्हाट्यावर आली तर जिचा फायदा होईल अशी शाळेत एकच व्यक्ती होती.

"ही साळसूद," बाई स्वतःशी म्हणाल्या. "खोडलेल्या ओळीत लपून बसलीय."

चौदा नंबर थांबेना. एकदा धरणाच्या उंचीवरून टोकलं, एकदा हंगेरीतल्या मैदानावरून. दर वेळी अदबीनं, दर वेळी बरोबर. मग बाईंनी सापळा लावला. मुद्दाम चुकीचं लिहिलं, 'इन नदी लिंझपाशी डॅन्यूबला मिळते.' लेख टाकला आणि वर्तमानपत्र घेऊन ग्रंथालयात जाऊन बसल्या. यागोदा संगणकावर काहीतरी भराभरा टाइप करत होती. वीस मिनिटांनी बाईंनी शेजारच्या संगणकावर बघितलं. खाली उत्तर हजर! 'बाई, लिंझ नाही, पासाऊ. नं. १४.'

"काय चाललंय, यागोदा?" बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पुस्तकांची यादी, बाई. पाठ मोडली."

"मोडणारच," बाई म्हणाल्या. "दोन दोन कामं करायची म्हणजे."

पुढच्या गुरुवारी बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "एखाद्याला ब्लॉगवरून हाकलायचं असेल तर काय करायचं?"

यागोदानं दाखवलं. कुठे दाबायचं, कसं बंद करायचं. मग म्हणाली, "पण बाई, आधी विचारून बघा, कोण आहेस म्हणून. दोन ओळी उत्तर द्या. बंद करणं काय, कधीही करता येतं."

'घाबरली,' बाईंनी मनात नोंद केली. त्याच संध्याकाळी घरी बसून, कुणाच्याही मदतीशिवाय, त्यांनी चौदा नंबर बंद केला. स्वतःच्या हातानं, पहिल्या फटक्यात. इतका अभिमान वाटला त्यांना! दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "चौदा नंबरचं नाव या वर्गात पुन्हा निघता कामा नये." पोरांनी एकमेकांकडे बघितलं. तियानानं तोंड उघडलं आणि मिटलं.

डिसेंबरच्या शिक्षकसभेत मुख्याध्यापक ब्लॉगचं कौतुक करायला उठले आणि बाई त्यांच्याही आधी उठल्या.

"कौतुक नंतर. आधी हे विचारा, की या शाळेतली एक शिक्षिका खोडलेल्या विद्यार्थिनीच्या नंबराआड लपून वडीलधाऱ्या सहकाऱ्याची बेअब्रू का करते? माझ्या तासांवर डोळा आहे तर समोर येऊन सांगावं. पोरांपुढे मला मूर्ख ठरवायचं कारण नाही."

सगळ्या माना यागोदाकडे वळल्या. नाव घ्यायची गरजच पडली नाही, यातच काय ते आलं.

यागोदा लालबुंद झाली. "मी काही लिहिलेलं नाही, बाई."

"मग कुणी लिहिलं? खोडलेल्या ओळीनं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. ग्वोझ्देन सर तेवढे म्हणाले, "पुरावा काय?" पण त्यांना कुणी विचारलं नाही. सेक्रेटरीनं सगळं इतिवृत्तात शब्दनशब्द उतरवून घेतलं. असं कागदावर आलेलं माणूस पुढच्या वर्षी पूर्ण नोकरीवर घ्यायचं म्हणजे मुख्याध्यापकांच्याच अंगाशी आलं असतं, हे तिथल्या खुर्च्यांनाही कळलं.

गुरुवारची शिकवणी बंद पडली. जानेवारीत यागोदा डोंगरातल्या एका गावी गेली. तिथली बाई बाळंतपणाच्या रजेवर होती, जूनपर्यंतची बदली. महिनाअखेरीस, शाळांचा राखणदार मानलेल्या संत सावाच्या सणाला, शाळेत गोड गव्हाच्या वाट्या फिरत होत्या तेव्हा मुख्याध्यापक बाईंजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ग्रंथालय बंद करून टाकू. सकाळची एक तुकडी तुम्हाला देतो, थोडे तास शेजारच्या शाळेतून आणतो. तुमची नोकरी पक्की, स्तानियाबाई. पेन्शनपर्यंत."

बाईंना त्या रात्री महिन्याभरानं गाढ झोप लागली. जिंकल्या होत्या त्या.

फेब्रुवारीत, पालकांच्या भेटीच्या तासाला, डोक्याला काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी आली आणि तिनं बाईंपुढे कॉफीचं पाकीट ठेवलं. सोनेरी, विएन्नाचं.

"हे काय?" बाईंनी पाकिटाला हात लावला नाही. "कुणाचे तुम्ही? गुण वाढवायचे असतील तर आधीच सांगते..."

"नाही हो. मी पेर्सिदा. नेवेनाची आजी, लुपुलोविचांची."

"नेवेना शाळेत नाही आता."

"ठाऊक आहे ना. तेच विचारायला आलेय." म्हातारीनं रुमालाचं टोक चुरगाळलं. "पोर फोनवर रडते. म्हणते, बाईंनी मला पुन्हा वर्गातून काढलं. एकदा आईबापानं काढलं ते समजलं, पण बाईंनी का काढलं? तिथं तिला भाषा कळेना हो. दिवसभर मुकी बसते. नकाशा तेवढा कळतो, म्हणून नकाशावरच डोकं घालून असते. तुमचं ते मशिनीवरचं लिहायला लागली तेव्हापासून जेवायला लागली होती. म्हणायची, आजी, बाई मुद्दाम चुका घालतात, आम्ही पकडतो का बघायला. तर आता काय चुकलं तिचं? सांगा, मी तिला समजावते."

म्हातारी वाट बघत होती, आणि बाहेर पुढच्या पालकानं दार वाजवलं.

"तिचं काही चुकलं नाही," बाई कशाबशा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्या त्या रजिस्टर न उघडताच म्हणाल्या, "चौदा नंबर कोण आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो बाई," तियाना उठून म्हणाली. "नेवेना. आम्हाला वाटलं तुम्हाला माहीतच आहे. नंबर तुम्हीच तर दिलेला."

"मग मी बंद केला तेव्हा का बोलला नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात, तिचं नाव काढायचं नाही."

बाईंनी नकाशा उलगडला आणि अख्खा तास पोरांकडे पाठ करून आफ्रिका शिकवली.

घरी जाऊन त्यांनी बंद केलेलं उघडायचा प्रयत्न केला. बंद करताना जे बोट इतकं हुशार होतं, ते आता भलत्याच ठिकाणी पडायला लागलं. अर्धा ब्लॉग पुसला जातो की काय अशी पाळी आली. तियानाला विचारता आलं असतं, पण लाज वाटली. शनिवारी सकाळी बाईंनी डोंगराची बस धरली.

यागोदा शाळेच्याच वरच्या खोलीत राहत होती. दार उघडलं, बाईंना बघितलं आणि ती बाजूला झाली.

"ती नेवेनाच होती," बाई उंबऱ्यातच म्हणाल्या. "माझं चुकलं, यागोदा."

"हं."

"मला तो नंबर उघडता येत नाही."

यागोदानं संगणक सुरू केला. कुठे बघायचं ते सांगितलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. बंद केलेल्या माणसाचं लिहिलेलं वाया जात नाही, बाजूच्या एका कोपऱ्यात साठत राहतं, हे बाईंना माहीतच नव्हतं. त्या कोपऱ्यात अकरा उत्तरं होती. बाईंनी डिसेंबरपासून वर्गाला दिलेला प्रत्येक अभ्यास चौदा नंबरनं केला होता. पर्जन्यमानाचा तक्ता केला होता. मोरावा नदीच्या उपनद्या सगळ्या, एकही न चुकता. मग उत्तरं आखूड होत गेली. 'बाई, हे बरोबर आहे का?' 'बाई, आधीचं मिळालं का?' शेवटचं जानेवारीच्या अखेरचं होतं. 'बाई, माझा नंबर दुसऱ्या कुणाला दिला का?'

बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. तेवढ्यानं काही फरक पडला नाही, कारण डोळेच वाहत होते.

"दोन वर्षं माझ्यासमोर बसली होती ही मुलगी," त्या म्हणाल्या. "आणि मी समजत होते, हिला काही येत नाही."

यागोदा खिडकीपासूनच म्हणाली, "माफी मला इथं नको, बाई. सभेत बोललात, सभेत सांगा."

"सभेत सांगितलं तर माझी नोकरी जाईल. तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. तुम्ही बोललात तेव्हा माझी गेली, तेही मला ठाऊक आहे. बस चार वाजता आहे."

मार्चची सभा तीन आठवड्यांवर होती. ते तीन आठवडे बाईंनी कसे काढले, ते झागोर्का मावशींना विचारा. कॉफी सांडायच्या, उत्तर एक द्यायच्या नि प्रश्न दुसराच असायचा. मनाशी पक्कं करायच्या आणि सकाळी मोडायच्या. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, पेन्शन झाली की सांगू. यागोदा तरुण आहे, तिला कुठेही मिळेल. मधेच जुना संशयही डोकं वर काढायचा, ही आजी यागोदानंच तर पाठवली नसेल? मग अकरा उत्तरं आठवायची आणि बाईंना स्वतःचीच शिसारी यायची.

नेवेनाला त्यांनी त्याच रविवारी उत्तर दिलं होतं. अकराच्या अकरा तपासली, खाली गुण घातले आणि लिहिलं, 'तुझा नंबर तुझाच आहे. चूक माझी झाली.' मुलीकडून काही आलं नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. बाई रोज बघायच्या.

सभेच्या आदल्या दिवशी त्यांनी ब्लॉगवर लेख टाकला. त्यात डॅन्यूब नव्हती. मी एका मुलीला ओळखलं नाही आणि एका सहकाऱ्यावर खोटा आळ घेतला, यागोदानं काहीही केलेलं नव्हतं, असं सरळ सरळ लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट. गावभर झालं. विएन्नापर्यंत झालं. सकाळी मुख्याध्यापक दारातच उभे.

"काढा ते, बाई! सभेत काय ते हळूच बोलू. इतिवृत्त बदललं तर मला यागोदाचा विचार करावा लागेल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"काढता येत नसेल तर मी कुणाला तरी सांगतो."

"मला काढता येतं," बाई म्हणाल्या. "बाजूला व्हा, तास आहे माझा."

आणि सभेत त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, उभ्यानं, सेक्रेटरीच्या लेखणीकडे बघत, हळूहळू, तिचा एकही शब्द सुटू नये म्हणून.

जूनमध्ये यादी लागली. भूगोल आणि ग्रंथालय मिळून एक जागा, यागोदा. जास्तीचे शिक्षक, एक, स्तानिया ट्रायलोविच. बाईंनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली. ग्वोझ्देन सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "रविवारी सूप करणार आहात का?"

"या," बाई म्हणाल्या. "शेवया घालून करते."

मग त्या ग्रंथालयात गेल्या. यागोदा परत आली होती, फळ्या पुसत होती. दोघी एकमेकींना बघून अवघडल्या. बाईंनी कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, नकाशे कुठे कसे गुंडाळायचे ते सांगितलं, कुठला फाटका आहे तेही सांगितलं. आणि शेवटी, ज्या बाईंनी आपल्या लेकाला बँकेचं खातं कुठल्या शाखेत आहे ते कधी सांगितलं नव्हतं, त्यांनी ब्लॉगचा पासवर्ड यागोदाला मोठ्यानं सांगितला, अक्षर अक्षर सुटं करून.

यागोदानं तो कागदावर लिहून घेतला. "मी बदलते हा आता. नियमच आहे तसा."

"बदल," बाई म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "पण मला नवा सांगशील? काल त्या मुलीचं उत्तर आलंय. चार महिन्यांनी. तपासायचं राहिलंय माझं."